सोबत कोण आहे?

दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीने ते अगदी सहज विचारलं. माझ्या फाइलवर तारीख टाकली, रक्ताच्या तपासण्यांची चिठ्ठी टाचून दिली आणि मान वर न करता म्हणाली, "सोबत कोण आहे, मॅडम?"

"आज कोणी नाही."

"आजचं नाही हो. भरती होताना. एक लेडीज चोवीस तास पाहिजे, आणि ऑपरेशनच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही."

"येईल ना," मी म्हटलं आणि फाइल छातीशी धरून बाहेर आले.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या करायचं काम करत होते, अजूनही करते. माल कुणाचा, किती नग, कोणत्या ट्रकने कुठे चालला, ते बिल्टीवर लिहायचं आणि कागद ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. ऑफिसात मी एकटीच बाई. आठ महिने अंगावरून जात होतं. खुर्चीवर जुनी चादर घडी करून ठेवायची, उठताना मागे हात लावून बघायचं, मग फाइल आडवी धरून संडासापर्यंत जायचं, असं चाललं होतं. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवीत गाठी आहेत. त्यातली एक मला बरी दिसत नाही. पिशवी काढून टाकू आणि तपासायला पाठवू."

खरं तर मला त्या गाठीची भीती वाटायला हवी होती. पण बसस्टॉपवर उभी राहून मी विचार करत होते तो वेगळाच. सोबत कोणाला न्यायचं? बस आली, गेली, दुसरी आली. एक नाव सुचेना.

उमरेडला भाऊ आहे. आमच्या आजोबांच्या घरी हातमाग होते, वडिलांनी ते विकून किराणा टाकला, भाऊ आता कोळसा खाणीत नोकरी करतो. मी लग्नानंतर दीड वर्षात नवऱ्याचं घर सोडून आले, ते त्याने कधी पोटात घातलं नाही. आई होती तोवर बोलणं होतं. आई गेली आणि तिच्या तेरवीनंतर त्याने माझे फोन घेणं सोडून दिलं. तरी मी लावला. वहिनीने उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे ड्युटीवर आहेत. आले की सांगते." त्या आठवड्यात मी फोन उशाशी घेऊन झोपले. त्याचा आला नाही.

शाळेतल्या मैत्रिणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, बत्तीस जणींचा. त्यात मी लिहिलं, "माझं ऑपरेशन आहे. नागपुरातली कोणी तीन दिवस सोबत राहू शकेल का?" लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं. दहा मिनिटांत जोडलेले हात आले. फुलं आली. "काळजी घे गं." "सगळं छान होणार, बी पॉझिटिव्ह." एकीने विचारलं, कोणता दवाखाना? मी लगेच सांगितलं. तिने अंगठा पाठवला. संध्याकाळी कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस निघाला आणि केकचे फोटो यायला लागले. दोन दिवसांनी मी बोटाने वर वर सरकवत गेले, तर माझा निरोप कुठल्या कुठे वर राहिला होता.

घरमालकीणबाईंचे गुडघे गेलेले. ऑफिसात शेठजी म्हणाले, "छुट्टी ले लो मॅडम, जितनी चाहिए," आणि ते मनापासूनच म्हणाले. पण त्यांना त्याहून जास्त काय सांगणार? दवाखान्यातल्या मावशीने बाजूला घेऊन सांगितलं की पैसे दिले तर रात्रंदिवस बसणारी बाई मिळते. "पण सही तिची चालत नाही बरं का. सही घरच्याचीच लागते."

मग एकच उरली. तिचा नंबर मी पुसला नव्हता, पण सहा वर्षांत एकदाही लावला नव्हता.

आम्ही दोघी नऊ वर्षं वाडीतल्या याच खोलीत राहिलो. ती चंद्रपूरकडची. औषधांच्या गोदामात पॅकिंगला होती आणि मी तिथून दोन गोदामं पलीकडे. खोली शोधत दोघी एकाच दिवशी एकाच दारात येऊन उभ्या राहिलो. भाडं एकटीला झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून मिळून घेतली. तिच्या आजोबांनी दीक्षा घेतली ती नागपुरात. त्यामुळे हे शहर आपल्या हक्काचं आहे, असं तिला वाटायचं. मला तसं कधी वाटलं नव्हतं. ती आल्यावर थोडंफार वाटायला लागलं.

ती भाकऱ्या थापायची, मी भाजी टाकायची. रविवारी ती माझ्या डोक्याला तेल लावायची आणि केस ओढले की मी ओरडायची. उन्हाळ्यात एका कूलरच्या वाऱ्यासाठी आम्ही लहान मुलींसारख्या भांडायचो. गोदामातून येताना माझ्या मागे कोणी ड्रायव्हर लागला, तर दुसऱ्या दिवशी ती गेटवर येऊन उभी राहायची, कमरेवर हात ठेवून. आई गेली तेव्हा ती माझ्याबरोबर उमरेडला आली. स्वयंपाकघरातल्या बायकांनी तिला विचारलं, तुम्ही कोण? भांडी घासता घासता ती म्हणाली, "बहीणच समजा."

एकोणचाळिसाव्या वर्षी तिला स्थळ आलं. नागपुरातल्याच नंदनवन भागातला माणूस, सरकारी नोकरी, बायको वारलेली, दोन मुलं. ती दोन दिवस मला सांगू शकली नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "त्याला बायको नको आहे. मुलांना सांभाळायला फुकटची बाई पाहिजे. आणि तू लगेच निघालीस!"

ती ब्लाउजला इस्त्री करत होती. इस्त्री तशीच उभी करून ठेवली.

"तसंही असन," ती म्हणाली. "पण मले जाऊ दे वं."

मला खरं तर म्हणायचं होतं, मला सोडून जाऊ नकोस. ते तोंडातून निघालं नाही. तिच्या लग्नाच्या दिवशी रविवार होता, गोदाम बंद होतं, तरी मी चौकीदाराकडून किल्ली घेऊन ऑफिसात जाऊन बसले. नंतर तिचे फोन यायचे. मी "कामात आहे" म्हणायची. मग उचलणंही सोडलं. मग ते यायचे थांबले.

नंदनवनात तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. पत्ता लग्नपत्रिकेवर होता आणि पत्रिका माझ्या ट्रंकेत होती. दुपारची वेळ होती. दार तिनेच उघडलं. वाळली होती. केस कानाजवळ पांढरे झाले होते आणि तिने ते रंगवले नव्हते. हातात निवडायला घेतलेल्या मेथीची जुडी.

ती ओरडली नाही, रडली नाही. नुसती म्हणाली, "तू?"

मग बाजूला झाली. मी आत गेले. घर नीटनेटकं होतं. एका कोपऱ्यात बुद्धाची लहान मूर्ती, समोर ताजं फूल. आतल्या खोलीतून मुलीचा अभ्यासाचा आवाज येत होता, मोठ्याने पाठ करत होती. तिने मला पाणी दिलं, चहा टाकला आणि परत मेथी निवडायला बसली. मी काय बोलावं ते वाटेत ठरवून आले होते. त्यातलं काही बोलले नाही. एकदम फाइलच काढून तिच्यासमोर ठेवली.

"माझं ऑपरेशन आहे. सोबत कोणी नाही."

तिचे हात थांबले. आतल्या मुलीचं पाठांतरही नेमकं तेव्हाच थांबलं होतं, आणि ते सुरू झाल्यावर ती हलक्या आवाजात बोलायला लागली.

"मले बी त्याईनं हेच विचारलं होतं. सोबत कोण हाय."

"कोणी? कधी?"

"लग्नाले सव्वा वरीस झालं होतं. मले सातवा महिना होता. हे पोराईले घेऊन गावी गेले होते, आई बिमार होती त्याईची. अन् सकाळी एकाएकी पोट दुखाले लागलं. ऑटो करून दवाखान्यात गेली एकटीच. तिथं पोचत नाई तं पाणी गेलं सारं. ते म्हणे, सही कराले कोण हाय? याईचा फोन लागे ना, गावात रेंज नोहोती. मी तुले लावला."

मी तिच्याकडे बघत होते. मला कळायला लागलं होतं आणि मला ते कळायला नको होतं.

"सात खेपा लावला," ती म्हणाली.

ते सात फोन मला आठवत होते. बिल्टीबुकावर ठेवलेला फोन थरथरत पुढे सरकत होता. तिचं नाव दिसत होतं. मी मनात म्हटलं होतं, आता आली का आठवण? फोन उपडा करून ठेवला. तो थरथरायचा थांबला की मी बघायची परत येतो का, आणि परत आला की मला बरं वाटायचं. हेच खरं आहे, ते लिहिलं पाहिजे. तिला माझी गरज आहे, हे बघून मला बरं वाटत होतं. घरभरणी असेल, नाहीतर कसलं तरी बोलावणं, असं मी धरून चालले होते. तिला दिवस गेलेत, हे मला माहीतच नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बाजूच्या खाटीवर एकीची सासू होती. तिनं केली सही. बहीण म्हणून." मेथीची काडी तोडून तिने खाली टाकली. "पोर नाई वाचलं."

मी तिच्या हाताला हात लावायला गेले, तर तिने हात मागे घेतला. रागाने नव्हे. गरम भांड्याजवळून घ्यावा तसा.

"कधी भरती व्हाचं हाय?" तिने विचारलं.

मी तारीख सांगितली.

"येईन मी. पण तू आली नोहोती, हे मी काई विसरली नाई. तेवढं ध्यानात ठेव."

चहा तिने गाळलाच नाही. मीही आठवण केली नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती माझ्या आधी येऊन बाकावर बसली होती. पिशवीत चादर, तांब्या, कपडे, बिस्किटं. काउंटरवर तिने फॉर्म घेतला, चष्मा लावला, सगळा वाचला. सहीखाली नात्याचा रकाना होता. त्यात तिने लिहिलं, 'ओळखीची'.

मुलगी म्हणाली, "मावशी, असं नाही चालत. नातं लिहा ना काहीतरी."

तिने ते खोडलं आणि वर 'बहीण' लिहिलं. "लिवाले काय जाते," ती म्हणाली. मला नव्हे, त्या मुलीला.

ऑपरेशननंतरचा पहिला दिवस मला नीट आठवत नाही. ओठांवर ओला कापूस फिरत होता आणि हात तिचा आहे हे डोळे न उघडता कळत होतं. पुढचे दोन दिवस तिने माझं सगळं केलं. चमच्याने पाणी पाजलं, अंग पुसलं, कपडे बदलले, मला उठवून भिंतीच्या आधाराने चालवलं, केसांची वेणी घातली. नऊ वर्षांत घालायची तशीच घट्ट वेणी. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. "कूस बदल." "हळू." "लघवी झाली का?" एवढंच. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी मात्र ती चांगली बोलत होती, हसतसुद्धा होती. मी तोंड भिंतीकडे करून ते हसणं ऐकत पडून राहायची.

दुसऱ्या दिवशी मी तिचा पदर धरला. "मला माफ कर."

"आता बोलू नको. टाके दुखतीन."

"मला माहीत नव्हतं गं..."

"माहीत कसं होईन?" ती म्हणाली. "उचलला असता तं माहीत झालं असतं."

त्याच दुपारी तिचा नवरा डबा घेऊन आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. बारीक, पाठीत थोडा वाकलेला माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेन. बायकांच्या वॉर्डात यायला लाजत होता, म्हणून दारातच उभा राहिला. ती खाली औषधं आणायला गेली होती. मला नमस्कार करून तो म्हणाला, "ती जेवते का वेळेवर? स्वतःचं सांगत नाही काही. तुम्ही जरा म्हणा तिला." मी हो म्हटलं. ज्या माणसाबद्दल मी इतकी वर्षं वाईट धरून बसले होते, तो माझ्याकडे आपल्या बायकोला जेवायला घालायची विनंती करत होता. मला तो वाईट निघायला हवा होता. निदान मी काही एक बरोबर बोलले होते असं तरी झालं असतं.

चौथ्या दिवशी तिने मला ऑटोने वाडीला आणलं. सहा वर्षांनी ती त्या खोलीत आली. इकडे-तिकडे बघितलं नाही. खोली झाडली, पाणी भरून ठेवलं, भांडी कमरेच्या उंचीवर मांडली म्हणजे मला वाकावं लागू नये, खिचडी टाकली, गोळ्या कोणत्या कधी घ्यायच्या ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. मग चपला घातल्या.

"राहतेस का आजचा दिवस?"

"पोरीची परीक्षा हाय."

"परत येशील?"

ती दारात थांबली. "तुले सोबत पाहिजे होती ना? झाली सोबत."

जिन्यावरून तिची पावलं खाली गेली. मी खिडकीशी जाईपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. रस्त्यावर नुसते ट्रक.

पुढचे सहा आठवडे मी कसे काढले, ते कोणाला सांगितलेलं नाही. बादली उचलायची मनाई होती. घरमालकीणबाईंची सून सकाळी पाणी ठेवून जायची, घाईत, मुलाची शाळेची बस गाठायची असायची तिला. त्यानंतर दिवसभर दार वाजायचं नाही. एप्रिल लागला होता, भिंती तापायच्या, कूलर खिडकीत चढवून द्यायला माणूस मिळत नव्हता. मी ओला टॉवेल छातीवर टाकून पडून राहायची आणि जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बसायची. पावलं वरच्या मजल्यावर जायची. एका दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी एक शब्द बोललेले नाही. गॅसची नोंदणी करायला फोन लावला. तिकडे टेपवरची बाई बोलायला लागली, मराठीसाठी एक दाबा. मी एक दाबला आणि तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. सिलिंडर भरलेलाच होता.

मी रोज तिला फोन लावायची. पूर्ण वाजून बंद व्हायचा. एका दिवसात सातपेक्षा जास्त वेळा मी कधी लावला नाही. सात झाले की माझा मलाच हात उचलेना. मग मनात यायचं, मी इथे मेले तर कधी कळेल? सूनबाई पाणी ठेवून जाते, दार लोटलेलं असतं, ती आत बघत नाही. दोन दिवस तरी जातील. शेठजी फोन करतील, तो वाजून बंद होईल, ते म्हणतील, आराम करत असतील. हे मी घाबरून नव्हते ठरवत. भाजी कोणती करायची ते ठरवावं तसं शांतपणे ठरवत होते, आणि त्याचीच मग भीती वाटायची. एकदा मी गोळ्यांची सगळी पाकिटं पलंगावर मांडली. नुसती बघत बसले. भिंतीवर तिच्या अक्षरातला कागद होता, 'जेवणानंतर' खाली दोन रेघा मारलेल्या. मी उठले, भात खाल्ला आणि एक गोळी घेतली. बाकीच्या डब्यात परत भरल्या.

तपासणीचा रिपोर्ट मी एकटीच आणायला गेले. डॉक्टरीणबाई हसल्या. "काही नाही निघालं. साधीच गाठ होती. सुटलात." मी त्यांच्या टेबलाची कड धरून उभी होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण डोक्यात एकच, हे आता कोणाला सांगू? बाहेर येऊन तिला फोन लावला. त्या दिवशी तिने उचलला.

"रिपोर्ट आला. चांगला आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "ठेवते."

मी परत कामावर जायला लागले त्या पहिल्याच रविवारी नंदनवनात गेले. तिने फाटक उघडलं नाही. फाटकाच्या अलीकडे मी, पलीकडे ती.

"काहून येतं वं तू?" ती म्हणाली. "आता काय राहिलं?"

"त्या दिवसाचं मला ऐकायचं आहे. तू एकटी होतीस त्या दिवसाचं."

"काहून? तुह्या जिवाले बरं वाटावं म्हणून?"

थोडंफार ते खरंच होतं.

"नाही सांगितलंस तरी चालेल," मी म्हटलं. "मी येत जाईन."

ती आत गेली. मी रस्त्यावर ऊन होईपर्यंत उभी राहिले. समोरच्या घरातल्या बाईने दोनदा बाहेर येऊन बघितलं, तेव्हा निघाले.

पंधरा-वीस दिवसांनी तिचाच फोन आला. "सक्करदऱ्याच्या बागेत ये. चार वाजता." मी नुसतं "हो" म्हणेपर्यंत तिने ठेवून दिला.

ती तळ्याकडे तोंड करून बाकावर बसली होती. मी शेजारी बसले. दोघींच्या मध्ये तिने आपली पर्स ठेवली. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"पोरगी होती."

मी तिच्याकडे वळले.

"केस होते वं तिले. काळेभोर, कानावर आलेले. नर्स म्हणे, पाहाची हाय का? मी म्हटलं, हाव. कापडात गुंडाळून आणली. मी बोट लावलं गालाले. मग घेऊन गेली. नाव नाई ठेवलं. कसं ठेवणार? पण मी मनातल्या मनात एक ठेवलं होतं आधीच."

"काय?"

तिने मान हलवली. सांगितलं नाही.

"हे आले दुसऱ्या दिवशी. खाटीपाशी बसून इतके रडले, इतके रडले, का मलेच त्याईले धीर द्या लागला. तवापासून घरात कोणी तिचं बोलत नाई. सगळे चांगले हायत. पोरं चांगले हायत, मावशी मावशी करतात. हे बी चांगले. वाईट कोणीच नाई. म्हणून तं काई सांगता येत नाई कोणाले. मी रडली का सगळ्याईचे तोंडं उतरतात."

तिने पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.

"तुह्यावर राग कायचा माहीत हाय? तू लग्नात बोलली त्याचा नाई. ते मी तवाच सोडून देल्लं होतं. त्या दिवशी फोन लावत होती तं मले वाटे, हिनं उचलला का ही येईन. भांडन, तोंड करन, म्हणन का तुले सांगतलं होतं; पण येईन. मले पक्कं वाटे. सातव्या खेपेलेही वाटे. अन् मग नाई वाटलं. तुह्यासंगं नऊ वर्सं काढली ते सगळे खोटे वाटाले लागले मले. पोरगी तं गेलीच. ते बी गेलं."

मी तेव्हा रडले. थांबवायचा खूप प्रयत्न केला, कारण ते रडणं तिचं होतं, माझं नव्हतं. तिने मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. रडू दिलं. मग पदराने स्वतःचा चेहरा पुसला. तोवर मला दिसलंही नव्हतं की तीही रडत होती.

"घरी नाई रडता येत," ती म्हणाली. "म्हणून बोलावलं तुले. दुसरं काई नाई."

"मी येत जाईन. तू म्हणशील तेव्हा."

"दुसऱ्या रविवारी हे विहारात जातात. तवा जमते मले."

"दर महिन्याला?"

"पाहू," ती म्हणाली, पर्स खांद्याला लावली आणि फाटकाकडे निघाली. मागे वळली नाही.

तेव्हापासून मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे जाते. ती चार वेळा आली. एकदा दोन तास बोलली, एकदा एक अक्षर बोलली नाही, मी नेलेले फुटाणे मात्र खाल्ले. एकदा माझ्या केसांकडे बघून म्हणाली, "तेल लावत जा, पार वाळून गेले," आणि मग तोंड फिरवलं. त्या एका वाक्यावर मी महिनाभर जगले.

मागच्या दोन वेळा ती आली नाही. मी फोन केला नाही. तिला यायचं नसेल तर न येण्याचं कारण तिला सांगावं लागू नये, असं वाटतं. मी चार वाजता जाते, त्याच बाकावर बसते, सोबत दोघींपुरते फुटाणे असतात. साडेसहाला चौकीदार शिट्टी वाजवत फिरायला लागतो. मग उठते, आणि बर्डीला बस बदलून वाडीला येते.